नावडत्या यंत्रांचे वाली

जुन्या वस्तूंवर जीव लावणाऱ्यांची जगात वाण नाही. कोणी नाणी जमवितो, कोणी टपाल तिकिटे, कोणी ग्रामोफोनच्या तबकड्या. जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात, जुन्या घड्याळांचे लिलाव होतात, पणजोबांचे पितळी कुलूप घासूनपुसून दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जाऊन बसते. या सन्मानाच्या पंगतीत एका वस्तूला मात्र सहसा पाट मिळत नाही. ती वस्तू म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र. घरातील सर्वांत जड, मळके आणि कंटाळवाणे काम ते वर्षानुवर्षे करते. बिघडले की मोरीतून परसात जाते आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मात्र काही माणसे नेमकी हीच यंत्रे शोधीत फिरतात. शेतावरील लिलाव, बंद पडलेली दुकाने, तळघरे, गोठे अशा ठिकाणांहून ती गंजलेली धुलाई यंत्रे घरी आणतात, उघडतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालू करून त्यात कपडे धुतात. हा छंद प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ही यंत्रे नावडती ठरली, कारण ती ज्या कामासाठी बनली ते कामच कोणी मोलाचे मानले नाही.

एका प्राध्यापकाचा ध्यास

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ईटन नावाचे लहानसे गाव आहे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत विद्युत अभियांत्रिकी शिकविणाऱ्या ली मॅक्सवेल या प्राध्यापकांनी निवृत्तीनंतर तेथे जुन्या धुलाई यंत्रांचा संग्रह उभा केला. जुन्या यंत्रांची खरेदी पुढे हळूहळू ध्यास बनली. हाताने फिरविण्याची लाकडी पिंपे, तांब्याच्या टाक्या, पायाने चालविण्याची यंत्रे, पेट्रोलवर आणि विजेवर चालणारी यंत्रे असे करीत त्यांच्या संग्रहाने हजाराचा आकडा ओलांडला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. यातील कित्येक यंत्रे मोडकळीस आलेल्या अवस्थेत आली होती. ती त्यांनी खटपट करून पूर्वरूपास आणली.

२००३ साली त्यांनी धुलाई यंत्रांच्या इतिहासावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक होते ‘सेव्ह विमेन्स लाइव्हज्’, म्हणजे ‘स्त्रियांचे प्राण वाचवा’. यंत्रांवरील ग्रंथाला असे शीर्षक पाहून नवल वाटते. परंतु ज्या काळात ही यंत्रे आली त्या काळातील धुणे कसे होते हे समजून घेतले, तर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सोमवारचे ओझे

अमेरिकेच्या ग्रामीण भागात सोमवार हा धुण्याचा वार असे. विहिरीवरून किंवा ओढ्यावरून पाणी वाहून आणायचे, चुलीवर मोठ्या हंड्यात ते तापवायचे, पन्हाळीदार पत्र्याच्या फळीवर एकेक कपडा साबण लावून घासायचा, पांढरे कपडे उकळायचे, दोन पाण्यांतून खळबळायचे, निळीत बुडवायचे, पिळायचे आणि वाळत घालायचे. त्यात सूर्य मावळे. मंगळवारी त्याच कपड्यांची इस्त्री. घरी केलेल्या तीव्र क्षाराच्या साबणाने हातांची सालपटे निघत. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी सुमारे नऊ घरांत वीज पोहोचलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कष्टांचा विस्तार किती होता हे कळते.

आपल्याकडच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. नदीचा घाट, आडावरील दगड, रिठे, सोडा, पाण्याने भिजलेल्या नऊवारी लुगड्याचे वजन आणि ते पिळताना मनगटात भरणारी कळ, हे आपल्या आज्यांनी अनुभवलेले आहे. फरक इतकाच की त्या कष्टांची वही कोणी ठेवली नाही. राजाची तलवार वस्तुसंग्रहालयात असते. धुण्याचा दगड तेथे क्वचितच दिसतो.

रवी आणि चरक

संग्राहकांच्या घरी हमखास आढळणारे एक यंत्र म्हणजे मेटॅग कंपनीचे पिळणीचे यंत्र. आयोवा राज्यातील न्यूटन या गावी १८९३ साली स्थापन झालेली ही कंपनी मुळात शेतीची अवजारे बनवीत असे. अवजारांना मागणी नसलेल्या महिन्यांत कारखाना रिकामा राहू नये म्हणून तिने १९०७ साली लाकडी पिंपाचे, हाताने चालणारे धुलाई यंत्र काढले. शेतघरांत वीज नव्हती. म्हणून १९१५ च्या सुमारास तिने यंत्राच्या पोटाखाली लहानसे पेट्रोल इंजिन बसविले. पायाने दांडी दाबून ते सुरू करायचे आणि त्याचा धूर लांब नळीने दाराबाहेर सोडायचा, अशी योजना होती.

१९२२ साली याच कंपनीतील हॉवर्ड स्नायडर यांनी एक साधा पण मूलगामी बदल घडविला. तोपर्यंत बहुतेक यंत्रांत कपडे ढवळणारा दांडा झाकणातून खाली लोंबत असे व तो कपड्यांना ओढीत असे. स्नायडर यांनी तो टाकीच्या तळातून वर काढला. हा पंखेदार दांडा एकाच दिशेने गरगर फिरत नाही. अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असा हेलकावतो. ताक घुसळणारी रवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. रवी ताक घुसळते, तसा हा दांडा साबणाचे पाणी घुसळतो आणि ते पाणी कपड्यांच्या धाग्यांतून आरपार जाते. मळ घासून काढण्याचे काम हातांकडून पाण्याच्या प्रवाहाकडे आले.

टाकीच्या काठावर दोन रबरी रूळ बसविलेले असत. उसाच्या चरकात कांडे घालावे तसा ओला कपडा त्या रुळांमध्ये सरकवायचा. पलीकडून तो पिळून, चपटा होऊन बाहेर येई. या सोयीला काळी बाजूही होती. कपड्याबरोबर बोटे, कधी मुलांचे कोवळे हात रुळांत ओढले जात. अशा जखमांना तिकडच्या वैद्यकात ‘रिंगर इंजुरी’ असे स्वतंत्र नावच पडले. पुढे रुळांवर अशी पट्टी आली की ती धक्क्याने दाबताच रूळ एकमेकांपासून सुटत. आजही जाणता संग्राहक जुने यंत्र चालवून दाखविण्यापूर्वी ही पट्टी काम करते की नाही हे आधी तपासतो.

पिळणीची ही यंत्रे स्वयंचलित यंत्रांच्या जमान्यातही टिकून राहिली. मेटॅगने ती १९८३ पर्यंत बनविली. पुढे २००६ साली ती कंपनीच दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि २००७ साली न्यूटनमधील कारखाना बंद झाला. आता त्या यंत्रांचे सुटे भाग आणि ज्ञान बव्हंशी या छंदिष्टांच्या आणि मोजक्या जुन्या कारागिरांच्या हाती उरले आहे.

दुरुस्ती म्हणजे सबुरी

तीस-चाळीस वर्षे बंद पडलेले यंत्र घरी आल्यावर काय होते? अनुभवी माणूस ते लगेच विजेला जोडीत नाही. वायरींवरील जुने रबर आणि सुती वेष्टण उन्हापावसाने ठिसूळ झालेले असते. हात लावताच त्याचा भुगा होतो. बरीच जुनी यंत्रे दोन पिनांची, अर्थिंगविरहित असतात. पाणी आणि वीज एकत्र नांदणाऱ्या यंत्रात हा दोष जीवघेणा ठरू शकतो. म्हणून पहिले काम वायरी बदलणे आणि अर्थिंग देणे.

त्यानंतर येते ती अडकलेली रवी. ॲल्युमिनियमची ही रवी पोलादी दांड्यावर बसविलेली असते. साबण, जड पाण्याचे क्षार आणि गंज यांनी दोन्ही एकजीव झालेली असतात. हातोड्याने ठोकले तर रवी फुटते आणि तशी दुसरी मिळेलच याची शाश्वती नसते. जाणकार अशा वेळी टाकीत कडकडीत पाणी भरून थांबतात. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते; त्यामुळे रवीची पकड सैल होते. मग गंज सोडविणारे तेल सोडायचे, पट्टा बांधून सरळ वर ओढायचे, नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम पाणी. कित्येकदा या एकाच कामात आठवडा जातो.

रुळांची कथा वेगळी. यंत्र बंद ठेवताना ज्यांनी रूळ सैल केले नाहीत त्यांच्या यंत्रात रबर एका बाजूने चपटे आणि दगडासारखे कठीण झालेले असते. त्यावर नवे रबर चढवून घ्यावे लागते. दातेरी चक्रांच्या पेटीतील तेल काळ्या डांबरासारखे घट्ट होते. ते काढून, पेटी धुऊन, पाणी आत शिरू न देणारी रबरी चकती बदलून नवे तेल भरायचे. एखादा भाग कोठेच मिळाला नाही तर दोन मृतप्राय यंत्रांतून एक चालते यंत्र उभे करायचे. ज्या यंत्राचे भाग काढले ते वाया गेले असे कोणी म्हणत नाही. ते दुसऱ्यात जगते, असे मानले जाते.

एवढे झाल्यावर पहिले धुणे. त्यात चांगले कपडे कोणी घालीत नाही. जुनी फडकी आणि टॉवेल घालतात. मोटर सुरू होते, रवी अडखळत एक हेलकावा घेते, मग लय सापडते. ज्याने हे काम केले आहे त्याला त्या क्षणी विकत घेतलेल्या वस्तूचा आनंद होत नाही. एखादे माणूस आजारातून उठून चालू लागल्याचे समाधान होते.

प्रेम इंजिनावर, यंत्रावर नाही

या छंदातील एक विसंगती मोठी बोलकी आहे. मेटॅगची ती लहान पेट्रोल इंजिने जुन्या इंजिनांच्या शौकिनांत फार लोकप्रिय आहेत. ती घासूनपुसून, रंग देऊन प्रदर्शनांत फटफट करीत चालविली जातात. परंतु ज्या धुलाई यंत्रांच्या पोटाखाली ती होती, त्यांचे काय झाले? अनेकदा इंजिन काढून घेतले गेले आणि टाकी भंगारात गेली, नाहीतर तिच्यात माती भरून अंगणात फुलझाडे लावली गेली. इंजिन हे पुरुषी कर्तृत्वाचे चिन्ह म्हणून जपले गेले. धुण्याची टाकी बायकांची म्हणून टाकली गेली. यंत्र एकच, पण मान त्याच्या अर्ध्या भागालाच मिळाला. संपूर्ण यंत्र जपण्याचा आग्रह धरणारे संग्राहक ही जुनी पंक्तिप्रपंचाची रीत मोडीत काढीत आहेत.

येथे एक सावधगिरीही हवी. यंत्र आले आणि स्त्री कष्टमुक्त झाली, इतके हे सरळ नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवून दिले की यंत्रांबरोबर स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. पूर्वी आठवड्यातून एकदा बदलला जाणारा सदरा रोज बदलला जाऊ लागला. धुण्यास येणाऱ्या बायका गेल्या आणि ते काम एकट्या गृहिणीकडे आले. अंगमेहनत कमी झाली, परंतु काम संपले नाही.

याउलट स्वीडनचे वैद्यकतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांनी २०१० साली एका गाजलेल्या व्याख्यानात आपल्या घरातील आठवण सांगितली. ते चार वर्षांचे असताना घरी पहिले धुलाई यंत्र आले. जन्मभर चुलीवर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हातांनी धुतलेल्या आजीला मुद्दाम बोलाविण्यात आले. तिने बटण दाबले आणि यंत्रासमोर बसून पूर्ण धुणे होईपर्यंत ती पाहत राहिली. यंत्र धुऊ लागले आणि आईला मुलाला घेऊन ग्रंथालयात जाण्यास वेळ मिळाला. कोवान आणि रोसलिंग यांची मते एकमेकांना छेद देतात असे वाटले तरी दोन्ही खरी आहेत. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे त्या घरातील माणसांवर अवलंबून होते आणि आजही आहे.

आपल्या मोरीतील नातेवाईक

या यंत्रांचा एक धागा आपल्या घरांपर्यंत येतो. १९४८ साली वेल्समधील मर्थर टिडफिल येथे हूवर कंपनीचा कारखाना सुरू झाला. तेथील लहान, चौकोनी यंत्रात रवीऐवजी टाकीच्या एका बाजूस वेगाने फिरणारी चकती होती. १९५३ साली जपानच्या सान्यो कंपनीने या पद्धतीचे यंत्र आपल्याकडे बनविले. पुढे जपानी यंत्रांत ही चकती तळाशी गेली आणि शेजारी कपडे सुकविणारी दुसरी टाकी आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतीय मध्यमवर्गीय घरांत शिरलेले सेमी-ऑटोमॅटिक यंत्र त्याच कुळातील. ज्या दोन टाक्यांच्या यंत्रांना इंग्लंडमधील संग्राहक आज पुराणवस्तू म्हणून जपतात, त्यांची भावंडे आपल्याकडे अजून दुकानांत नवी मिळतात.

आपल्या गृहिणींनी त्या यंत्रांत आपले शहाणपण घातले. धुण्याचे उरलेले पाणी न्हाणीघर आणि जिना धुण्यास वापरणे ही आपल्याकडे सहज प्रवृत्ती आहे. अमेरिकेतील शेतघरांतही हेच होते. एकदा तापविलेल्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतावरचे मळके कपडे धुतले जात. पिळणीच्या यंत्राला हे साधे, कारण पाणी कधी सोडायचे हे माणूस ठरवीत असे. जुने ते सारेच सोने, असा मात्र याचा अर्थ नाही. पुढील काळातील जुनी, वरून उघडणारी स्वयंचलित यंत्रे पाणी भरमसाट घेत; या बाबतीत आजची समोरून उघडणारी यंत्रे निःसंशय सरस आहेत.

जुनी यंत्रे सरस आहेत ती एका गुणात: ती उघडता येतात. चार स्क्रू काढले की आतील रचना डोळ्यांना दिसते आणि कोणता भाग काय करतो हे समजते. आजच्या अनेक यंत्रांत टाकीचे दोन भाग कायमचे सांधलेले असतात; आतील एक साधे बेअरिंग झिजले तरी संपूर्ण टाकी बदलावी लागते, आणि तो खर्च ऐकून ग्राहक नवे यंत्रच घेतो. या अपव्ययाची जाणीव आता सरकारांनाही होऊ लागली आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून धुलाई यंत्रांचे ठरावीक सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक केले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले.

संग्रह की परिग्रह?

परिग्रहाला मर्यादा असावी, हे ज्या घरांत लहानपणापासून कानांवर पडते, त्या घरांतील वाचक येथे साहजिकच विचारील: हजार धुलाई यंत्रे जमविणे हा परिग्रह नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. कोणताही संग्रह हावेच्या वाटेने जाऊ शकतो, आणि या छंदातही दुरुस्तीविना गंजत पडलेल्या यंत्रांनी भरलेली गोदामे असतातच. तरीही दोन गोष्टींतील भेद पाहिला पाहिजे. मिरविण्यासाठी नवनवे घेत राहणे निराळे, आणि जगाने टाकून दिलेले उचलून, त्याची सेवा करून, ते इतरांना पाहण्यास खुले ठेवणे निराळे. कसोटी संख्येइतकीच हेतूचीही आहे. काही संग्राहक ठरावीक यंत्रांपलीकडे जात नाहीत. दुरुस्त झालेले यंत्र दुसऱ्याला देतात आणि मगच पुढचे हाती घेतात. हा नियम छंदापुरता न ठेवता कपाटांना आणि माळ्यांनाही लावण्याजोगा आहे.

आपल्यापैकी कोणी घरात जुनी यंत्रे जमवावीत असे येथे सुचवावयाचे नाही. शहरांतील सदनिकांत एका यंत्रालाच जागा मिळताना मारामार. परंतु घरातील वीस-पंचवीस वर्षांचे यंत्र भंगारात देण्यापूर्वी तीन गोष्टी सहज करता येतील. एक, परिसरातील जुन्या कारागिराला बोलावून ते खरोखर संपले आहे की केवळ पट्टा तुटला आहे, हे पाहून घ्यावे. त्या वेळी घरातील मुलाला व मुलीला शेजारी उभे करून आतील रचना दाखवावी. दुसरे, ते चालण्याजोगे असेल तर ज्या घरात अजून हातांनी धुणे होते त्या घरी, वायरी तपासून, पोहोचते करावे. तिसरे, ते यंत्र घरी येण्यापूर्वी कपडे कोण धुवीत असे, कोठे आणि कसे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारून लिहून ठेवावे. बहुतेक घरांत हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसतो.